निवृत्त होणाऱ्या ज्यू गुरुजींचा सन्मान साताऱ्याच्या माणसाने कसा करावा?

यादोगोपाळकर, सातारा

सर्व सभासदांना नमस्कार.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो, कारण त्यावरून आमच्या घरीच गोंधळ झाला. 'आमचे रब्बी जूनमध्ये निवृत्त होत आहेत,' असे मी जेवताना म्हणालो, तेव्हा आईने भाकरी मोडता मोडता विचारले, 'मग खरीप तरी राहणार आहे ना?' आमची शेती कोरेगाव तालुक्यात आहे आणि आमच्याकडे रब्बी म्हणजे शाळू आणि हरभरा. मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे ते रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि हिब्रूत त्या शब्दाचा सरळ अर्थ 'माझे गुरुजी' असा होतो.

2003 ते 2014 या काळात मी अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी होतो, आधी विद्यार्थी म्हणून आणि नंतर नोकरीसाठी. तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, हे गुरुजी 31 वर्षे काम करत आले आहेत. दर गुरुवारी संध्याकाळी ते एक पाठ घेत, त्याला कोणत्याही धर्माचा माणूस येऊ शकत असे. आपल्याकडच्या पारायणात एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, याची मला सवय होती. तिथे मात्र दोघादोघांच्या जोड्या करून, एकच परिच्छेद पुढ्यात घेऊन, मोठ्याने वाद घालत शिकायचे असते. या पद्धतीला हव्रुता म्हणतात आणि मित्र या अर्थाचा हिब्रू शब्द त्याच धातूपासून आला आहे. माझी जोडी कुणाशी जुळेना, म्हणून ते स्वतःच माझ्यासमोर बसू लागले. एका गुरुवारी तालमूद या त्यांच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातला उतारा आणि दुसऱ्या गुरुवारी माझ्याकडून तुकोबांचा एखादा अभंग, असा आमचा करार होता, आणि मी परत आल्यावरही तो व्हिडिओ कॉलवर चालू राहिला आहे.

डिसेंबर 2009 मध्ये माझे वडील गेले. त्या वेळी माझे व्हिसाचे कागद नूतनीकरणात अडकले होते आणि देश सोडला तर परत प्रवेश मिळण्याची खात्री नव्हती, त्यामुळे अग्नी धाकट्या भावाने दिला आणि मी भाड्याच्या खोलीत बसून राहिलो. संध्याकाळी गुरुजी आले. त्यांनी खुर्ची बाजूला सारली, दाराजवळचे पुस्तकांचे खोके उलटे केले, त्यावर बसले आणि पाऊण तास तरी एक शब्दही बोलले नाहीत. मला तो प्रकार विचित्र वाटला होता. शोकात असलेल्याने तोंड उघडेपर्यंत भेटायला आलेल्याने बोलू नये, अशी त्यांच्यात रीत आहे, हे मला पुढे कळले. निघायच्या बेताने त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा काढला. त्यात उकडलेली अंडी आणि शिजवलेला मसूर होता. तो पाहून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'कडू घास'. मग मला समजावून सांगावेच लागले, की आमच्याकडे दुःख झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही आणि सोयरे पिठले-भाकरी घेऊन येतात. त्यांनी मला ते दोन शब्द कागदावर लिहून दाखवायला सांगितले आणि जाड पेनाने डब्याच्या झाकणावर उतरवून घेतले. हिब्रूच्या सवयीने त्यांनी उजवीकडून सुरुवात केली, आधी 'स', मग 'घा', आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी ओढली. त्यांच्यात सुतक सात दिवसांचे. तुमच्यात किती, असे त्यांनी विचारले, मी दहा म्हणालो आणि ते दहा दिवस आले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ते गाडी चालवत नसल्याने मधल्या शनिवारी बर्फातून चालत आले.

आता प्रश्न. जूनमधल्या एका रविवारी तिथे त्यांचा निरोप समारंभ आहे आणि मी दहा दिवसांची रजा काढून जाणार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि कंदी पेढे ही आपली सत्काराची नेहमीची पद्धत, पण यातले त्यांना काय चालेल आणि काय चालणार नाही? दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. आमच्या चुलत्यांनी मला सर्वांसमक्ष ऐकवले, की बापाच्या वेळी आला नाहीस आणि परक्या म्हाताऱ्यासाठी तिकीट काढतोस. त्यांना मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हते.

मेणवलीकर, वाई

मी आजवर चाळीसेक मानपत्रे लिहिली आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरते अधिकाराने लिहितो. त्यांतली पस्तीस तरी एकमेकांशी बदलली असती तर कुणाच्या लक्षात आले नसते. 'ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व', 'ज्ञानाचा अखंड वाहणारा झरा', 'कर्तव्यकठोर तरीही मृदू' हे शब्द बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही चालतात आणि कीर्तनकारालाही चालतात. तुमच्या मजकुरात डब्याच्या झाकणाची जी हकिकत आहे ती जशीच्या तशी मानपत्रात घाला आणि विशेषणे सगळी गाळा. मराठी मजकूर वर आणि त्यांच्या भाषेतला अनुवाद खाली, असे ठेवावे. हातकागदावर टाक-शाईने लिहून घेता आले तर उत्तम. फ्लेक्सवर छापलेले मानपत्र मला आजतागायत पाहवत नाही.

श्रीफळ नेण्याच्या भानगडीत पडू नका. सुके खोबरे तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून विमानाच्या सामानात ते घेत नाहीत आणि ओला नारळ तिकडच्या तपासणीत अडकू शकेल.

मानपत्र देण्यापूर्वी त्यांना पाटावर बसवून, पाय धुऊन, रीतसर पाद्यपूजा करावी असे मला वाटते. गुरूसाठी याहून मोठा मान आपल्याकडे नाही, आणि आपण आपल्या पद्धतीनेच केले तर ते मनापासूनचे ठरेल.

अलिबागची लेक, सध्या सातारा

मेणवलीकरांनी विशेषणांबद्दल लिहिले ते पटले, पाद्यपूजेबद्दलचे मात्र अजिबात पटले नाही.

माझे माहेर अलिबाग तालुक्यातले आणि आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. गावात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण घाणा चालवायचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद. आडनावे नवगावकर, किहीमकर, पेणकर अशी, बोली मराठी, लुगडे नऊवारी. 1874 साली पुण्यात छापलेल्या आमच्या मराठी हगाद्यात, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकात, त्या सणाच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या दाखवल्या आहेत, त्यावरून कल्पना यावी. गंमत अशी, की इतकी शतके कोकणात राहूनही आमच्यात रब्बी नव्हतेच. जुन्या काळी काजी होते, नंतर प्रार्थना चालवणारे हझान आले, आणि शिकवायला कोचीनहून व पुढे बगदादी ज्यूंमधून माणसे आली. त्यामुळे रब्बींचे रोजचे घर कसे असते हे मला पुस्तकातून आणि इस्राएलला गेलेल्या नातेवाइकांकडून ठाऊक आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

पाय धुणे, ओवाळणे, कुंकू लावणे, यांतले काहीही करू नका. माणसापुढे पूजेसारखे काही करणे हे त्यांच्या धर्माच्या मुळावरच येते. तुम्ही प्रेमाने कराल, पण एवढ्या लोकांदेखत तुम्हाला थांबवण्याचे अवघड काम त्यांच्यावर येईल. मानपत्राच्या माथ्यावर गणपती किंवा ओंकार नको. त्यांच्या देवाचे नावही हिब्रूत छापू नका, कारण ते नाव लिहिलेला कागद फेकता येत नाही, तो जपून ठेवून शेवटी पुरावा लागतो. आणि कृपा करून 'सत्कारमूर्ती' हा शब्द टाळा. मराठीत तो आपण सहज वापरतो, पण अनुवाद करणाऱ्याने त्यातल्या मूर्तीचे काय करायचे?

पाया पडण्याऐवजी आमच्यातली हातबोशी करा. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे आणि सोडल्यावर आपल्या बोटांची टोके ओठांना लावायची. आमच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणत आलो, वडीलधाऱ्यांपासून सुरू होऊन ती सगळ्यांपर्यंत पोचते. तुमच्या गुरुजींना ही कोकणातल्या ज्यूंची रीत आहे असे सांगितले तर त्यांना आवडेल असे मला वाटते.

कंदी पेढ्यांचा मोह साताऱ्यात कुणाला आवरत नाही, हे मान्य. पण ते ज्या कढईत झाले तिच्यात आणखी काय शिजले हे ठाऊक नसल्यामुळे ते कोशर, म्हणजे धर्मनियमाने खाण्याजोगे, धरले जाणार नाहीत. शिवाय जेवणात मांस असेल तर त्यानंतर काही तास दुधाचा पदार्थ चालत नाही. पेढे तिथल्या मराठी मंडळींना वाटा. गुरुजींसाठी महाबळेश्वरचा शुद्ध मध न्या, बाटली सीलबंद असावी आणि विमानतळावर ती जाहीर करावी. मध कीटकाकडून येत असूनही तो धर्मशास्त्राने चालवून घेतला आहे, आणि आम्ही ज्याला नव्याचा सण म्हणतो त्या त्यांच्या वर्षारंभाला सफरचंद मधात बुडवून खातात. महाबळेश्वरजवळचे मांघर 2022 पासून मधाचे गाव म्हणून ओळखले जाते, तिथून आणलात तर सांगायला गोष्टही होईल.

दक्षिणा किंवा देणगी द्यायची असेल तर 101 किंवा 501 ऐवजी 18 च्या पटीत द्या. हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते आणि 'हाय', म्हणजे जिवंत, या शब्दातल्या दोन अक्षरांची बेरीज 8 आणि 10, अशी 18 होते. तुम्ही शनिवारी तिथे असाल तर त्या दिवशी सूर्य मावळून तारे दिसेपर्यंत त्यांना काही वस्तू देऊ नका आणि फोटोही काढू नका.

मसुराविषयी एक गोष्ट लिहायची राहिली. मसूर गोल असतो, त्याला तोंड नसते, आणि दुःखात असलेल्यालाही तोंड नसते, म्हणून तो देतात. आमच्या घरी जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या उपवासाला बिरड्याचा रोजा म्हणत, त्या दिवशी वालाचे बिरडे असे. कडू घास हा शब्द मी लग्नानंतर घाटावर आल्यावर ऐकला आणि तेव्हा मला तो लगेच कळला होता.

कऱ्हाडचा मास्तर

मी स्वतः सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझ्या समारंभात अकरा शाली आल्या, नऊ भाषणे झाली, प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि मला बोलायला उठवले तेव्हा मंडपातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. शाळेचे नाव सांगत नाही, कारण बहुतेक शाळांत असेच होते. त्या अकरांपैकी एक शाल मी वापरतो, बाकीच्या पुढच्या सत्कारांना फिरल्या. त्या दिवशीचे मला आठवते ते एवढेच, की 1988 सालचा एक विद्यार्थी मंडपाच्या मागे येऊन म्हणाला, 'सर, तो भूमितीचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.' आम्ही दोघे तिथेच पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यावर बसलो आणि पत्रिकेच्या पाठीमागे तो सोडवला.

म्हणून माझा प्रश्न तुम्हाला असा आहे, की गुरुवारचा पाठ सध्या कुठवर आला आहे? तो पुरा होण्यासारखा असेल तर त्यांच्यासमोर बसून पुरा करा. शिकवणाऱ्या माणसाला त्याहून वेगळे काही हवे असते यावर माझा विश्वास नाही.

18 च्या पटीतली देणगी साताऱ्यातल्या एखाद्या वसतिगृहाला त्यांच्या नावे द्या, असेही सुचवतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली आमच्या शेजारच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले. परक्यांच्या मुलांचे कुणी किती करावे याचा हिशेब या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी मांडून झाला आहे. तुमच्या चुलत्यांना हे सांगायला हरकत नसावी, जरी मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तुमचे तिकीट खटकले असते.

माणदेशी, म्हसवड

शालीवरून एक सुचवतो. शोरूममधली चकचकीत शाल नेऊ नका, घोंगडी न्या. आमच्या भागात दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी अजून खड्ड्याच्या मागावर विणतात. सूत चातीवर कातलेले असते, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ लावून तो कुंच्याने विंचरतात, म्हणून नवी घोंगडी हाताला ताठ आणि खरखरीत लागते. दोन-तीन वेळा धुतली की मऊ पडते. नव्या घोंगडीला मेंढीचा आणि खळीचा वास असतो, तो जाण्यासाठी आठवडाभर सावलीत पसरून ठेवा. वजन अडीच-तीन किलो भरेल, त्या हिशेबाने सामान बांधा. काळी घ्यावी, रंगवलेली घेऊ नये. मेंढीचाच काळा रंग उन्हाने तांबूस होतो पण उडत नाही.

अलिबागची लेक, सध्या सातारा

घोंगडी नेण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. लोकर आणि जवसाच्या धाग्याचे कापड, म्हणजे लिनन, एकत्र विणलेले किंवा शिवलेले वस्त्र ज्यूंना वर्ज्य आहे. त्याला शात्नेझ म्हणतात. घोंगडी शुद्ध लोकरीची असते, पण काठ शिवायला कुणी दुसरा धागा वापरला आहे का ते विचारावे. सुती धागा चालतो.

पाठ पुरा करण्याची मास्तरांची सूचना मला फार आवडली, कारण त्याला ज्यू परंपरेत नावच आहे. तालमूदातला एखादा भाग शिकून संपला की सियूम करतात, जेवण घालतात, आणि त्या वेळी त्या ग्रंथालाच उद्देशून म्हणतात, 'हदरान', आम्ही तुझ्याकडे परत येऊ. आपण गणपती उठवताना 'पुनरागमनाय च' म्हणतो, त्याच्याजवळचे हे वाटते, फक्त तिथे परत येणारा देव असतो आणि इथे माणूस.

निवृत्तीबद्दलही एक गोष्ट लिहिते. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, उपासनेच्या मंडपाचे काम करणाऱ्या लेवी कुळातल्या लोकांना पन्नाशीनंतर कामातून मोकळे करायला सांगितले आहे, पण त्यांनी आपल्या भाऊबंदांबरोबर राहून देखरेख करावी असेही म्हटले आहे. म्हणजे ओझे उतरवायचे, पण माणसाला घरी पाठवायचे नाही. मानपत्रात संस्कृत सुभाषित घालण्याचा विचार असेल तर त्याऐवजी हे घ्या.

यादोगोपाळकर, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेणवलीकरांची क्षमा मागून पाद्यपूजा रद्द करतो. मानपत्र मात्र त्यांच्याच सल्ल्याने लिहायला घेतले आहे. त्यात तोरा ग्रंथातल्या त्या उताऱ्याबरोबर मिश्नेतले, म्हणजे तालमूदाच्या मूळ गाभ्यातले, यहोशुआ बेन परख्या यांचे एक वचनही घेणार आहे, ज्यात ते गुरू कर आणि मित्र मिळव असे एका दमात सांगतात. मित्रासाठी तिथे जे क्रियापद आहे त्याचा अर्थ विकत घेणे, कमावणे असा होतो. गुरूसाठी साधे 'कर' आहे. दोन्ही नाती एकाच माणसाशी जुळली तर कुठले क्रियापद लावायचे, यावर आम्ही पूर्वी एक गुरुवार घालवला होता.

मास्तरांनी पाठ कुठवर आला आहे असे विचारले. गेली तीन वर्षे आम्ही तालमूदाच्या बाबा मेत्सिया या भागातला सापडलेल्या वस्तूंविषयीचा अध्याय वाचत आहोत: रस्त्यात पडलेली वस्तू कुणाची, ती कधी पुकारायची, मालकाला कशी पोचवायची. त्या अध्यायाच्या शेवटच्या मिश्नेत असा नियम आहे, की वडिलांची आणि गुरूची वस्तू एकाच वेळी हरवली असेल तर गुरूची आधी शोधावी, कारण वडिलांनी या जगात आणले आणि गुरू पुढच्या जगात नेतो. चुलते बोलले तेव्हा मला हीच ओळ आठवली होती आणि म्हणूनच मी गप्प राहिलो. मी त्या ओळीवर गुरुजींशी भांडलो आहे, थोडेथोडके नाही, तीन गुरुवार. माझे वडील शाळा चौथीपर्यंत शिकलेले, पण मला शिकायला पाठवण्यासाठी त्यांनी विहिरीवरची मोटर विकली होती. त्या नियमात त्यांचे स्थान कोणते, असे मी विचारले. गुरुजींनी पुढची ओळ वाचायला लावली, ज्यात वडील ज्ञानी असतील तर वडिलांची वस्तू आधी असे आहे, आणि म्हणाले, की ज्ञानी कुणाला म्हणायचे हे मिश्नेने इथे सांगितलेले नाही, ते तू सांग. त्यावर मी अजून काही सांगितलेले नाही. अध्याय त्याच जागी थांबला आहे. तो रविवारी समारंभाआधी, त्यांच्या अभ्यासिकेत, दोघांनीच बसून पुरा करायचा असे ठरवले आहे, आणि वडिलांबद्दल मला जे म्हणायचे आहे ते तिथे म्हणेन.

देणगी 18,000 रुपयांची, इथल्या एका वसतिगृहातल्या मुलासाठी, आणि दोघांची नावे एकमेकांना न कळवता. बाराव्या शतकातले ज्यू पंडित मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत देणारा आणि घेणारा एकमेकांना ठाऊक नसणे ही दुसरी पायरी. सर्वांत वरची पायरी म्हणजे समोरच्याला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन अशा जागी उभे करणे, की त्याला पुन्हा मागावे लागू नये. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका' योजनेविषयी मी गुरुजींना पूर्वी सांगितले होते, तेव्हा त्यांनी तिला मैमोनिदीसच्या यादीतच बसवले होते. वरची पायरी 18,000 मध्ये गाठता येत नाही, याची मला जाणीव आहे.

घोंगडीसाठी म्हसवडला रविवारी येतो.

एक गोष्ट मात्र इथे लिहिता लिहिताच माझ्या लक्षात आली. बिस्किटांचा तो डबा मी कधीच परत केला नाही. 2014 मध्ये सामान आवरताना तो माझ्या पेटीत आला आणि आज आमच्या कपाटात आहे, त्यात वडिलांचा सातबारा आणि माझे जुने पासपोर्ट ठेवले आहेत. सापडलेल्या वस्तूंचा अध्याय तीन वर्षे वाचणाऱ्या माणसाने ही कबुली द्यावी, याची मला लाज वाटते. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, की डबा नेऊन दे, पण रिकामा डबा कुणी परत देते का. आता त्यात काय भरावे?

अलिबागची लेक, सध्या सातारा

शिजवलेले, तळलेले, भाजलेले काही नको. तुमच्या घरातल्या भांड्याचा संबंध आला की त्यांना ते खाता येणार नाही, आणि तुमचे मन राखण्यासाठी ते काही बोलणारही नाहीत. कच्चे धान्य किंवा पीठ चालेल. पीठ चाळून, स्वच्छ पिशवीत बांधून डब्यात ठेवा, म्हणजे डब्याचाही प्रश्न येणार नाही. बियाणे समजून अडवतील, म्हणून अखंड दाण्यापेक्षा पीठच बरे.

यादोगोपाळकर, सातारा

आईने शाळू काढला आहे, आमच्याच रानातला, या रब्बीचा. भाकरी कशी थापायची ते त्यांना मी दाखवावे अशी तिची अट आहे, आणि मला ती स्वतःला येत नसल्याने गेले दोन दिवस माझी शिकवणी चालू आहे. परातीत पीठ मळेपर्यंत जमते, थापताना कडा फाटतात. काल दळण देताना आईने गिरणीवाल्याला जाते आधी झाडून घ्यायला लावले, कारण आमच्या आधीचे दळण हरभऱ्याच्या डाळीचे होते.